तिसऱ्या गोष्टीतले मोजे

सिनेमात एकूण पाच गोष्टी होत्या आणि पाचही पलंगाभोवती फिरणाऱ्या. एकीत पलंग स्वतःच कोर्टात साक्ष द्यायला येतो आणि शपथेवर कुरकुरतो. दुसरीत नवरा-बायको जवळ येण्याआधी सोसायटीच्या सभेत तसा ठराव मांडतात आणि तो एका मताने पडतो. लोक पोट धरून हसत होते. तिसरी गोष्ट आपल्या लेखकमहाशयांची. ती जवळ येत चालली तसा हा गडी खुर्चीत खाली खाली सरकत होता.

शेजारी बायको बसली होती, तिच्या पलीकडे तिची ताई. बायकोला आणायला लागू नये म्हणून त्याने पोटदुखीपासून तिकिटांपर्यंत सगळ्या सबबी सांगून पाहिल्या होत्या. पण नवऱ्याचा पहिला सिनेमा, ती कसली ऐकतेय.

पडद्यावरची बाई दिवा मालवण्याआधी मोजे घालते. मग त्यावर आणखी एक जोडी. मग गमबूट, रेनकोट, हेल्मेट. नवरा बिचारा टॉर्च घेऊन त्या ढिगात बायको शोधत राहतो आणि आतून निघतो मीटर बघायला आलेला माणूस. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

त्याची बायको दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून टाचांना भेगा पडल्या होत्या, कधी कधी रक्त यायचं. लग्न नवीन असताना तिने हळूच सांगितलं होतं, मोजे काढायला लावू नका, मला लाज वाटते. सख्ख्या बहिणीलाही तिने ते पाय कधी दाखवले नव्हते. आणि या शहाण्याने, लेखकांच्या बैठकीत काही सुचेना आणि सगळे आपल्याच तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर, नेमकं तेच सांगून टाकलं. हशा असा पिकला की तो चार दिवस तरंगत होता. आता त्याच हशाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने चोरून बायकोकडे पाहिलं. ती हसत होती, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

बाहेर आल्यावर ताई डोळे पुसत म्हणाली, भावोजींना हे सुचतं तरी कुठून. सुचतं त्यांना, एवढंच बायको बोलली. तेवढ्यात दिग्दर्शक आला, वहिनींची ओळख करून घेतली, दोन शब्द बोलला आणि गर्दीत गेला.

ताईला टॅक्सीत बसवून दोघं चालत निघाले.

"ताईला कळू नये म्हणून हसले मी," ती म्हणाली.

तो चुकलो, चुकलो म्हणत राहिला. तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"ते माझं आहे हे कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. शप्पथ. सुचलेली गोष्ट म्हणून सांगितली, तुझा विषयसुद्धा काढला नाही."

ती थांबली.

"मग तुमचा दिग्दर्शक बोलताना माझ्या पायांकडे का बघत होता?"