नव्या इंजिनातला वायसर

जुन्या विद्यार्थ्याचं, संघपालचं, पत्र येऊन तीन वर्षं झाली होती आणि आयटीआयत शिकवणाऱ्या धकाते सरांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. पत्र तसं साधं होतं, नरखेडहून आलेलं, रेघांच्या कागदावरचं: 'सर, इंजिन बांधताना मी कॅमच्या गिअरला तेल लावलं होतं. दाते एकाच बाजूनं झिजले होते, ते तुम्ही पाहिलं का? माझं कुठं चुकलं तेवढं कळवा, म्हणजे पुढं चुकणार नाही.'

सरांनी पाहिलं नव्हतं. संघपालनं बांधलेलं शर्यतीचं इंजिन बिघडल्यावर विक्कीनं नागपूरच्या सदर भागातल्या आपल्या गॅरेजात मत द्यायला बोलावलं, तेव्हा चार माणसं सरांच्या तोंडाकडं बघत उभी होती. सरांनी गिअर हातात न घेताच पुस्तकात पहिलं म्हणून दिलेलं कारण सांगून टाकलं: गिअर कोरडा बसवला असावा. त्यातलं 'असावा' कुणाला ऐकू गेलं नाही. संघपालचं काम त्याच संध्याकाळी सुटलं. आता तो नरखेडकडं विहिरींवरचे पंप दुरुस्त करत होता.

आणि आज डिसेंबरच्या बोचऱ्या सकाळी सर पुन्हा त्याच गॅरेजात उभे होते. गाडी दुसरी, दुखणं तेच.

"आठशे किलोमीटरबी चालली नाही, सर," विक्की म्हणाला. "शर्यतीसाठी पूर्ण इंजिन नवं बांधलं. रविवारी उतरवायची आहे. अन् गिअर पाहा, उंदरानं कुरतडल्यावानी."

कॅमशाफ्टवरच्या त्या लहानशा गिअरवर तेलाचा पंप फिरतो. दाते संपले की पंप थांबतो, आणि पंप थांबला की इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. हे इंजिन गॅरेजातल्या गोपिकानं बांधलं होतं. दुसरा कॅमही तिनं कालच बसवून ठेवला होता; चालू मात्र अजून केला नव्हता.

"काहून वं गोपिका, तूबी कोरडाच बसवला होता का?" विक्कीनं विचारलं.

"डोक्याले लावत नाही एवढं तेल त्याले चोपडलं, भाऊ."

"संघपालबी हेच म्हणे." विक्की सरांकडं वळला. "तुम्ही फक्त सांगा सर, कोरडा होता. मंग ही उद्यापासून घरी."

हातातला पाना गोपिकानं फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला.

सरांनी झिजलेला कॅम या वेळी हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दाराशी उजेडात गेले. कोरडा चालला असता तर दाते निळे पडले असते, ओरखडले असते. हे स्वच्छ होते, चकचकीत, आणि फक्त एका बाजूनं विळीच्या पात्यासारखे धारदार. तेल पोहोचत होतं. पण गिअर काहीतरी फार जड ओढत होता.

"तेल कोणतं टाकलं?" त्यांनी गोपिकाला हळूच विचारलं.

"जाडवालं, सर. आपल्या इथली गरमी..."

"आणि पंपाच्या दाबाचं काय केलंस?"

"दाब कमी पडू नये म्हणून स्प्रिंगमागं एक वायसर टाकला."

"हे कुणी सांगितलं?"

तिनं पाना टेबलावर ठेवला. "तुम्हीच. आयटीआयत. वहीत लिहून आहे माझ्या."

सव्वीस वर्षं सर पोरांना हे शिकवत आले होते: नागपूरच्या उन्हाळ्यात तेल पाण्यासारखं होतं, स्प्रिंगमागं वायसराची चकती टाका, दाब वाढतो. ते होतं खिळखिळ्या झालेल्या जुन्या जीपांसाठी. घट्ट बांधलेल्या नव्या इंजिनात, जाड तेलावर, थंडीत तोच दाब गिअरच्या मानगुटीवर बसेल, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनातच आलं नव्हतं. संघपाल त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा; त्यानंही वहीत हेच उतरवलं होतं.

विक्की तेवढ्यात फोनवर बोलत बाहेर गेला होता. त्यानं काही ऐकलं नव्हतं. वायसर गुपचूप काढायला सांगितला की झालं. गोपिकाचं काम वाचलं, सरांचं नावही. गोपिका त्यांच्याकडं बघत होती. आणि त्याहून वाईट शंका वेगळीच होती: आपण पुन्हा डोक्यात आलेलं पहिलं कारणच तर धरून बसलो नाही ना?

विक्की आत आल्यावर सर म्हणाले, "इंजिन चालू करून पाहू. दहाच सेकंद."

"अन् हेबी दाते गेले तं? दुसरा कॅम यायले महिना लागते, सर."

"जातीलही. पण या वेळी पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही."

विक्कीनं गोपिकाला मान हलवून खूण केली.

इंजिन धडधडलं. दाबाचा काटा चढला, लाल पट्टी ओलांडून गेला आणि शेवटच्या खिळ्याला टेकून थरथरत राहिला. सर "बंद" म्हणेपर्यंत गोपिकानं चावी फिरवलीसुद्धा होती.

"आता वायसर काढ. तेल तेच राहू दे."

तिनं इंजिनाच्या बाजूचा बोल्ट खोलला, वायसर काढला, बोल्ट कसला. पुन्हा चावी. काटा चढला, लाल पट्टीच्या बराच अलीकडं आला आणि तिथं थांबला. दहा सेकंद तिथंच होता.

"विक्की," सर म्हणाले. "गिअर कोरडा नव्हता. हिचा नाही, संघपालचाही नाही. तो वायसर माझा आहे. मी शिकवला, त्यांनी टाकला. शर्यतीच्या इंजिनात तो चालत नाही, आणि थंडीत जाड तेलही नाही."

विक्की स्टुलावर बसला. "तीन वर्षं मी त्या पोराची बदनामी करत फिरून राहिलो, सर. साऱ्या सदरमंधी."

"माझ्या शब्दावरून."

"मंग लावा त्याले फोन."

"फोनवर माझ्यानं होणार नाही."

"पत्र लिहा, सर," गोपिका म्हणाली. "पण फाडू नका."

सरांनी तिच्याकडं चमकून पाहिलं. टोपलीतले ते तुकडे तिनं आयटीआयत कधीतरी पाहिले असावेत; विचारायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी तिथंच टेबलावर कागद मागून घेतला. 'प्रिय संघपाल, दाते मी पाहिले नव्हते. तुझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते असं...' मग वायसर, तेल, काटा कुठवर गेला, सगळं क्रमानं लिहिलं.

"खाली लिहा, विक्कीनं परत बोलावलं म्हणून," विक्की म्हणाला.

"ते तुम्ही तुमच्या हातानं लिहा," सर म्हणाले. विक्कीनं कुरकुरत पेन घेतला आणि दोन ओळी लिहिल्या.

सदरच्या पोस्टाबाहेर सरांनी पत्ता तीनदा वाचला. पाकीट पेटीच्या फटीत अर्धं सरकवलं, पुन्हा बाहेर ओढलं, पिनकोड पाहिला. बरोबर होता. मग त्यांनी ते आत सोडलं.