मौन नको, ठेका धरा

आई गेली त्याला तीन महिने झाले होते. आम्हा ज्यूंमध्ये आईबापाच्या सुतकात वर्षभर संगीत वर्ज्य. ऐकायचंसुद्धा नाही, मग वाजवणं दूरच. आणि नेमकं शाळेचं बोलावणं आलं. वीस वर्षं आई तिथे आपली युद्धातली गोष्ट सांगायची, मी व्हायोलिन वाजवायचे.

"गोष्ट सांग, व्हायोलिन घरी ठेव," थोरला भाऊ हेशेल म्हणाला. "आपल्या सगळ्या कॉलफिल्ड वस्तीत बोभाटा होईल. सिनेगॉगमध्ये तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"तुझं तोंड तू सांभाळ."

"अगं, देवाला तरी भी, ब्लूमा!"

भीत होतेच. मी काही नास्तिक नाही. तरी व्हायोलिन उचललं.

दोनशे मुलं समोर बसली होती. त्यांना सांगितलं, "तुमच्याएवढी असताना माझी आई फ्रुमा पोलंडमध्ये एका गोठ्याखालच्या खड्ड्यात वडिलांबरोबर लपली होती. वर जर्मन शिपायांची ये-जा. खोकला आला तरी मरण. चौदा महिने तिनं ब्र काढला नाही. आजोबा लग्नांत व्हायोलिन वाजवायचे. अंधारात ते तिच्या दंडावर बोटांनी सूर दाबायचे. तिच्या लग्नासाठी एक नाचाची धून रचली त्यांनी, आवाज न करता, आणि तशीच शिकवली. एकदा पाव आणायला वर गेले, ते परत आले नाहीत. पुढे मेलबर्नमध्ये आईच्या हाती व्हायोलिन आलं, तेव्हा ती धून तिनं पहिल्यांदा कानांनी ऐकली."

शिक्षिका टेगन डोळे पुसत उठली. "मुलांनो, फ्रुमाआजींसाठी एक मिनिट मौन पाळू या."

दोनशे माना खाली गेल्या. टेगन पोर भली होती, पण माझं डोकंच फिरलं.

"मौन नको, बाई! चौदा महिने पाळलंय तिनं."

"अहो, पण आदर म्हणून..."

"सगळ्यांच्या पायांत बूट आहेत ना? मग ठेका धरा."

मुलं टेगनकडे बघू लागली. मागून एका मुलीनं विचारलं, "किती जोरात?"

"शेजारी पोलीस बोलावतील इतक्या."

व्हायोलिन खांद्याला लावलं. पहिला सूर बेसूर लागला. मग दोनशे जोड बूट एकदम आपटले, खिडक्यांची तावदानं हादरली, आणि मी रडत रडत वाजवत सुटले. टेगनही पाय आपटत होती.

तीनदा वाजवली ती धून. पाप लागलं असेल तर लागू दे. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या शाळेत जायचंय.