धरणीधर महाराजांचं पोस्टकार्ड

जबलपूरच्या महाराजपूर वस्तीतल्या मैदानात त्या रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायामाणसं दाटीवाटीनं उभी होती, पोरं सायकलींच्या दांड्यांवर चढली होती. सगळ्यांच्या मधोमध एका लाकडी तख्तावर, चकचकीत काचेच्या चौकटीत, झेंडूचा हार घालून बसलं होतं एक पोस्टकार्ड. होय, पोस्टकार्डच! साधं, पिवळट, डाकघरात मिळतं तसलं. आणि लोक त्याच्यापुढं नारळ फोडत होते.

"देखिए माताओं-बहनों, आँख खोल के देखिए!" माइकवर महाराजांचा चेला टिकाराम गरजत होता. "महाराज ने सिहोरा से हमको चिट्ठी डाली। यह डाकखाने का ठप्पा! आदमी झूठ बोलेगा, ठप्पा थोड़े ही बोलेगा! सोलह मई को चली, उन्नीस मई को पहुँची। और लिखा क्या है? बाईस की रात धरती डोलेगी। पूनम सँभालना!"

"धरणीधर महाराज की..." 

"जय!"

आणि बावीस मे १९९७ ला, ऐन बुद्धपौर्णिमेला, उजाडायच्या आधी जबलपूर खरंच हादरलं होतं. सकाळच्या वंदनेसाठी इस्त्री करून ठेवलेले पांढरे कपडे तसेच टाकून लोक रस्त्यावर धावले होते. आजूबाजूला माणसं गेली, घरं गेली. उरलेल्यांनी मैदानात ताडपत्र्या ताणल्या. वर नवतपाचं, वर्षातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांचं ऊन, खाली अधूनमधून थरथरणारी जमीन. अशा वेळी माणूस काडीचासुद्धा आधार धरतो. इथं तर महाराज वीतभर लांबीचा खिळा देत होते.

तख्तावर बसलेल्या महाराजांनी डोळे अर्धे उघडले. "धरती माई है। माई करवट लेती है। यह भूमिकील घर के कोने में ठोंको, माई का पल्लू अटक जाएगा। अगले इतवार भूमिबंधन करूँगा। फिर सब अपने-अपने घर में, छत के नीचे, निश्चिंत सोना।"

गर्दीच्या अगदी मागे लक्ष्मणराव मेश्राम उभे होते. त्यांनी रेल्वेच्या डाक विभागात तेहतीस वर्षं धावत्या गाडीत पत्रं निवडली होती आणि आता निवृत्त होऊन ते गल्लीतल्या पोरांना निंबाखाली फुकट शिकवत. छताखाली निजायचं ऐकून ते टाचा उंचावून पुढं बघू लागले. कारण पुढच्याच रांगेत त्यांची थोरली बहीण शेवंताताई पदर पसरून खिळा घेत होती.

शेवंताताईच्या घराची उत्तरेची भिंत कोपऱ्यापासून सुटली होती. फटीत तिच्या नातीचा, दहा वर्षांच्या बेबीचा, अख्खा पंजा जायचा. सरकारी माणूस येऊन भिंतीवर लाल फुली मारून गेला होता. भूकंपाआधी त्याच भिंतीला लागून आजी-नातीची खाट असायची; सध्या ती अंगणात होती.

"ताई, त्या भिंतीखाली निजू नको," घरी परतताना लक्ष्मणराव म्हणाले.

"काहून? खिळा आणला ना आता."

"खिळ्यानं भिंती उभ्या राहत असत्या तर मिस्त्री उपाशी मेले असते."

"तू जाय बा! तुले साऱ्यातच खोट दिसते."

"घरात बुद्धाची तसबीर आणि कोपऱ्यात महाराजाचा खिळा? शोभते का आपल्याले?"

"तसबीर कशावर टांगली? भिंतीवर. भिंत कशानं राहीन? खिळ्यानं." शेवंताताईनं विषय संपवला, पण एक टोला तिनं शिल्लक ठेवला होता. "आणि काय रे, पोस्टाचा शिक्का खोटा आहे का? तूच सांगत होतास, शिक्क्यापुढं जज्जबी मान झुकवते!"

शिक्का खरा होता. लांबूनही लक्ष्मणरावांना तो ओळखू आला होता. तेहतीस वर्षं ज्या शिक्क्याची इमानदारी त्यांनी मिरवली, तोच शिक्का आता बहिणीला पडक्या भिंतीखाली निजवणार होता. हातात सात दिवस होते.

सोमवारी सकाळी निंबाखाली वर्ग भरला. लक्ष्मणरावांनी एक भाजलेला पापड कापडात गुंडाळून बेबीपुढं ठेवला.

"हाण बुक्की."

"सच्ची, नानाजी?" सगळी पोरं त्यांना नानाजीच म्हणत.

"हाण, पण एकच."

बेबीनं दात-ओठ खाऊन बुक्की हाणली. कापड उघडलं. "आता मोजा बरं, किती तुकडे झाले ते."

मोठे तुकडे तीन निघाले. बोटाएवढे पंचवीस-तीस. आणि भुगा? मोजता मोजता पोरं भांडायला लागली, तेव्हा लक्ष्मणराव म्हणाले, "राहू द्या, तो मोजून संपत नाही. जमिनीच्या पोटातला खडकही काहीसा असाच तुटतो. मोठा भूकंप क्वचित, त्याहून लहान बरेच, आणि अगदी बारीक तर विचारूच नका. भूकंपाच्या मापात एक पायरी खाली उतरलं की संख्या साधारण दहापट वाढते. आपला देश केवढा! तिकडे हिमालय, पूर्वेचे डोंगर, कच्छ, आणि ही आपली नर्मदेकाठची जुनी भेग. कुठं ना कुठं बारीक थरथर चालूच असते. त्यात मोठा धक्का बसला की त्याची पिल्लं कित्येक दिवस मागं येत राहतात. आता सांगा, महाराज दर रविवारी म्हणतात, आठ दिवसांत धरती पुन्हा हलेल. आणि ती हलते. म्हणजे त्यांनी काय सांगितलं?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बेबी ओरडली, "की पापडाचा भुगा पडेल!"

पोरं खदाखदा हसली. लक्ष्मणरावांनी उरलेला पापड वाटून टाकला.

"पण नानाजी," बेबी तोंडातला भुगा गिळत म्हणाली, "बडा टुकडा? तो कधी पडेल, ते पण महाराजांनी सांगितलं ना. कार्डवर."

"तो दिवस आणि ती वेळ आजवर जगात कुणालाच सांगता आलेली नाही."

"मग कार्ड?"

लक्ष्मणरावांनी प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. "ते मलाही कळलं नाही अजून."

बेबी थोडा वेळ घुटमळली. काल ती काचेला नाक लावून उभी होती, टिकारामनं हाकलेपर्यंत. "नानाजी, वो नीला ऊपर क्यों है?"

"काय वर आहे?"

"निळी शाई. पोहोचल्याचा शिक्का डावीकडे पडला ना, लिहिलं तिथंच. पण शिक्क्याची काळी रेघ अक्षराच्या खालून जाते. निळं वर आहे."

लक्ष्मणरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेहतीस वर्षांत लाखो कार्डं हातांखालून गेली असतील. आणि जे बघायचं ते एका पोरीनं काचेला नाक लावून बघितलं! उत्तर त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण शिकवण्याची खोड दांडगी. ते उठले, शेजारच्या शाळेच्या शिपायाकडून एक रबरी शिक्का आणि काळ्या शाईची गादी मागून आणली.

"दोन कागद घे. एकावर आधी लिही, मग शिक्का मार. दुसऱ्यावर आधी शिक्का, मग लिही. आणि तूच मला सांग."

बेबीनं दोन्ही कागद उन्हात धरले. एकदा हा, एकदा तो. मग तिचे डोळे मोठे झाले. "याच्यात काळं वर आहे. याच्यात निळं वर. म्हणजे महाराजांचं कार्ड... आधी आलं! मग लिहिलं!"

"हळू बोल," लक्ष्मणराव म्हणाले. पण हसू त्यांच्याही ओठांत मावेना. "चल, आपल्याला सदरला जायचं आहे."

सदर बाजारच्या डाकघरातून त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं, स्वतःचा पत्ता लिहिला आणि बाकी कोरंच पेटीत टाकलं. बुधवारी ते घरी आलं. लक्ष्मणरावांनी ते उशीखाली ठेवलं आणि काहीतरी घडायची वाट बघत बसले. शनिवारी ते घडलं. गल्लीतल्या शकुबाईची शेळी तख्तावर चढली आणि तिनं महाराजांच्या चौकटीचा अख्खा हार देठासकट खाल्ला. टिकाराम पोथी घेऊन तिच्यामागं धावला, शकुबाई टिकारामच्या मागं. साऱ्या मैदानानं ते पाहिलं.

रविवार उजाडला. भूमिबंधनाला गेल्या रविवारपेक्षा दुप्पट गर्दी. शेवंताताईनं तर खाट सकाळीच आत नेऊन टाकली होती. महाराजांनी मंत्र सुरू करायला हात उचलला, तोच लक्ष्मणराव पुढं आले.

"महाराज, माफी. मला पण एक चिठ्ठी आली आहे. माझीच मला. बेबी, वाच."

बेबी तख्ताच्या पायरीवर चढली. "सदर डाकघर, दोन जून. महाराजपूर, चार जून." मग तिनं घसा साफ केला. "सात जूनला शकुबाईची शेळी महाराजांचा हार खाईल."

मग एकदम कालवा.

"अरे, हे तर कालचं!"

"ठप्पा तो देखो, चार तारीख का है!"

"लक्ष्मण भैया भी पहुँचे हुए निकले!" आणि एक म्हातारे गृहस्थ खरंच त्यांच्या पायांवर वाकले.

लक्ष्मणरावांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. "अहो दादा, पाया पडायचंच तर शेळीच्या पडा. सगळं तिनं केलं." लोक हसले. हसू विरेपर्यंत ते थांबले. "हे कार्ड मी सोमवारी कोरं टाकलं होतं. बुधवारी कोरंच माझ्या घरी आलं. आणि ही ओळ बेबीनं आज सकाळी चहा पिता पिता लिहिली. शिक्का खरा आहे. पण शिक्का एवढंच सांगतो की कागद कधी आला. त्यावर कधी लिहिलं, ते शिक्का सांगत नाही. ते शाई सांगते. आधी लिहिलं असेल तर शिक्का अक्षरांवर बसतो. इथं अक्षरं शिक्क्यावर बसली आहेत. या, बघा. आणि मग महाराजांच्या चौकटीत बघा."

"पाप लगेगा!" टिकाराम चौकटीला मिठी मारून ओरडला. "दिव्य चिट्ठी को कोई छुएगा नहीं!"

"छूना किसको है," शकुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "काल माझ्या शेळीनं हुंगली, तेव्हा नाही लागलं पाप? हट, पाहू दे!"

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. गल्लीचा पोस्टमन मुरलीधर. कान लाल झालेले.

"काकाजी, एक बात बोलू का? टिकाराम भैयाच्या नावानं दर सोमवारी सिहोऱ्याहून एक कार्ड येते. साल झालं असंल. दर वेळी कोरं. मी विचारलं, भैया, इसमें कुछ लिखा तो है नहीं? तर म्हणाला, महाराजांचं मौन चालू आहे. ही मौन चिठ्ठी आहे."

मैदानात असा हशा उसळला की ताडपत्र्या हलल्या. कुणीतरी ओरडलं, "भूकंप! भूकंप!" आणि लोक आणखी हसले.

"म्हणजे बघा," लक्ष्मणराव म्हणाले, "दर आठवड्याची तारीख मारलेलं एक कोरं कार्ड घरात तयार. पूर आला, पूर लिहा. गाडी पडली, गाडी लिहा. भूकंप झाला, भूकंप लिहा. काहीच झालं नाही, तर ते चुलीत घाला. भविष्य पाठमोरं लिहायचं, मग ते चुकेल कसं? महाराज, आपण एवढंच करा. पुढच्या आठवड्याची ओळ आज, आत्ता, सर्वांसमोर लिहा. गाव, तारीख, वेळ. कार्ड मी देतो."

महाराजांनी डोळे मिटले. ध्यान लागलं असावं. ते बराच वेळ लागलं. डोळे उघडले तेव्हा शेजारी टिकाराम नव्हता, चौकट नव्हती आणि कोपऱ्यात उभी असलेली जीपही सुरू झाली होती. या वयात महाराज इतके वेगानं धावू शकतात, हा त्या दिवसाचा एकमेव चमत्कार.

लक्ष्मणराव मात्र जीपकडे बघत नव्हते. ते गर्दीत बहिणीला शोधत होते. ती कुणाशी न बोलता घरी निघून गेली होती.

ते आणि बेबी धावतच पोहोचले. शेवंताताई फुटलेल्या कोपऱ्यापुढं उभी होती. मागं वळून न बघता ती म्हणाली, "मोठा शहाणा. भर मैदानात माही फजिती केली."

"तुझी नाही ताई, त्याची."

"मीच तर पहिल्या रांगेत पदर पसरून होती." तिनं हात पुढं केला आणि खिळा धरला. ओढायची गरजच पडली नाही. दोन बोटांत तो अलगद निघून आला, मागोमाग ओंजळभर माती भुरूभुरू खाली पडली, आणि जिथं बेबीचा पंजा जायचा तिथं आता मनगटही गेलं असतं. खिळा ठोकताना फट वाढली होती.

शेवंताताईनं खिळा तळहातावर उलटसुलट करून पाहिला.

"काहून रे," ती हळूच म्हणाली, "याले तर सोतालेच धरता येत नव्हतं. हा जमीन काय धरीन?" मग एकदम तिचा आवाज चढला. "बेबी! उभी काय राहिलीस? धर खाटेचा पाय. बाहेर काढ आधी!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. भिंत उतरवली, कोपरे सिमेंटनं बांधले, खिडकी-दाराच्या वरून लोखंडी सळ्यांचा पट्टा फिरवला. विचारल्यावर मिस्त्रीनं सांगितलं, माणसं मारणारी बहुतेक वेळा जमीन नसते, कच्ची भिंत आणि जड छत असतं. चार वर्षांपूर्वी किल्लारीच्या दगडमातीच्या घरांनी हेच सांगितलं होतं.

धरती पुन्हा हलेल. आज, उद्या किंवा पन्नास वर्षांनी. कधी, ते कुणाला ठाऊक नाही आणि जो ठाऊक आहे म्हणेल त्याच्यापुढं कोरं कार्ड धरावं. पण भिंत पक्की आहे की कच्ची, ते आजच बघता येतं. त्याला दिव्यदृष्टी लागत नाही. आपली साधी नजर पुरते, फक्त बेबीसारखं काचेला नाक लावायची तयारी हवी, आणि समोर कितीही मोठे महाराज बसले तरी "हे वर का आहे?" एवढं विचारायची.

तो खिळा अजून आहे. निंबाच्या खोडात ठोकलेला. शेवंताताईनंच ठोकला. त्याला वर्गाचा फळा टांगलेला असतो.

"चला," ती पोरांना म्हणते, "आता लागला कामाले."