शकूचा तळहात

"हात पुढे कर," श्रीनिवासपंत म्हणाले.

शकूने डावा तळहात पुढे केला. तिला शिवावे लागू नये म्हणून पंतांनी चिमूटभर दारू वीतभर उंचीवरून त्यावर सोडली आणि लांब काडीने पेटवली. भस्सकन जाळ झाला. धूर तिच्या नाकातोंडात गेला.

"भाजलं?"

"न्हाई."

बंदुकीची दारू चांगली असली तर क्षणात उडून जाते, हाताला चटकासुद्धा लागत नाही. कच्ची किंवा दमट असली तर रेंगाळत जळते आणि कातडी सोलून काढते. मुठेपलीकडच्या सरकारी दारूखान्यात ही परीक्षा वर्षानुवर्षे शकूच्या हातावर चालत आली होती. त्याआधी ती इतर बायकांबरोबर उखळात दारू कुटायची. एकदा उखळात ठिणगी पडली आणि त्या बायकांची हाडे शेजारच्या चिंचेवरून काढावी लागली. शकू वाचली, ती नेमकी त्या वेळी पहिल्यांदाच पंतांपुढे या परीक्षेला हात धरायला गेली होती म्हणून. पुन्हा तिने उखळाला हात लावला नाही.

पंतांना एकच वेड होते. दारूला लागणारा सोरा नावाचा खार उत्तरेतून यायचा, निम्मा वाटेतच लुटला जायचा. तो त्यांना पुण्यातच काढायचा होता. पागांमधली खारट माती आणून ते उकळत, गाळत, पुन्हा उकळत. "शास्त्र्यांच्या घरात जन्मून घोड्याचं मूत आटवतोय," असे शनिवार पेठेतले लोक त्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत. पण माणूस कामाला पक्का. माती, पाणी, कोळसा, तराजूची दांडीसुद्धा ते पारखून घेत. पारखला नव्हता तो फक्त शकूचा हात. त्यासाठी त्याला शिवावे लागले असते.

आणि तो हात मेला होता. दिवाळीत शकूने तापलेला तवा उचलला आणि मांस जळल्याचा वास आला तेव्हा कुठे तिला कळले. ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर पंतांनी दुसरी बाई बघितली असती आणि शकूला उखळापाशी बसवले असते. त्या चिंचेखालून जायला नको म्हणून ती आजही लांबचा वळसा घ्यायची. मग ती जाळ डोळ्यांनी बघून अंदाजाने सांगू लागली. आजचा जाळ जरा रेंगाळला होता. पण हा पंतांचा स्वतःचा सोरा होता आणि ते लेकराच्या बारशाला उभे राहिल्यासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिची जीभ सवयीने "न्हाई" म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी चतुःशृंगीच्या अलीकडच्या माळावर तोफ उभी केली. तोफेवर शकूचा नवरा, गेनबा गोलंदाज. शकू त्याची भाकरी घेऊन आली होती. गेनबाने बत्ती लावली. तोफेच्या कानातली, म्हणजे बत्तीच्या भोकातली दारू भुरकन जळली, आणि तोफ गप्प.

"थांब," पंत म्हणाले. "जवळ जाऊ नकोस. दारूच फसली असेल."

गेनबा हसला. "पंत, शकूनं हातावर घेतलीया ती. माझ्या घरची पारख हाय, ती फसायची न्हाई. दारूची थैलीच आत बसली नसंल."

"अवं, नगा जाऊ!" शकू ओरडली. हातातली भाकरी टाकून ती धावली.

"आगं, तुझ्याच हातची हाय न्हवं?" असे म्हणत तो गज घेऊन तोफेच्या तोंडाशी गेला आणि ठासू लागला. आतल्या आत धुमसत राहिलेली दारू तेव्हा पेटली.

गेनबा छातीपासून वर उरला नाही. त्याचे पाय क्षणभर तसेच उभे होते, मग तेही गुडघ्यांत मोडले. पंतांचे धोतर रक्तामांसाने भरले. शकू तोफेपर्यंत पोचलीच नाही, मध्येच बसली. गोलंदाजांचा जमादार खेकसला, "बघत काय राहिलात? पाय उचला त्याचे. दुसरी तोफ भरा, जुन्या दारूनं!"

शेजारणींनी शकूच्या बांगड्या दगडाने फोडल्या.

गेनबाचे दिवस झाल्यावर पंतांनी तिला बोलावले. ते निम्म्याने वाळले होते. समोर त्याच दारूची बरणी होती, लाखेने बंद केलेली.

"सगळं पुन्हा तोलून पाहिलं, शकू. कुठे चुकलो ते सापडत नाही. माझ्या हातून तुझा माणूस गेला. ती चूक समजल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. हात पुढे कर."

शकूने उजवा तळहात पुढे केला.

"हा का?"

"ह्याच्यावरच टाका."

पंतांनी चिमूट सोडली, काडी लावली. जाळ रेंगाळला. शकूच्या तोंडून किंकाळी फुटली, पण तिने हात मागे घेतला नाही.

"भाजलं," ती म्हणाली. "लई भाजलं, पंत."

पंतांनी काडी खाली टाकली. मग त्यांनी तिचा डावा हात ओढून आपल्या हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तळहात वहाणेच्या तळासारखा टणक होता. त्यांनी त्यात अंगठ्याचे नख रोवले, आणखी रोवले, रक्त येईपर्यंत.

शकूला त्याचा पत्ताच नव्हता. ती खाली मान घालून उजव्या हातावर फुंकर घालत होती.