सभेआधीचं बोलणं

नगरपालिकेने जुन्या सभांच्या टेप ऑनलाइन टाकल्या, तेव्हा मी कपाळाला हात लावला. ती भांडणं तेव्हाच कुणी ऐकली नाहीत, आता कोण ऐकणार? पण आईला बातमी कळली आणि ती हात धुऊन माझ्या मागे लागली. आमचे बाबा सभागृहातलं टेपयंत्र सांभाळायचे. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपले, पण ते गेल्यावर लक्षात आलं, त्यांचा स्वतःचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही.

"चेहरा डोळ्यांसमोर येतो गं," आई म्हणाली. "आवाज येत नाही आता. आठवायला गेलं की रेडिओवरच्या कुणाचा तरी येतो."

टेप उघडून बघितल्या, तर प्रत्येक सभा थेट अध्यक्षांच्या खाकरण्यापासून सुरू. त्याआधी बाबा माईक तपासायचे, तो भागच गायब. मी तडक नगरपालिका गाठली आणि तिथल्या कारकुनाला धारेवर धरलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, की ते बोलणं सभेतलं नव्हतं म्हणून कापलं. मूळ टेप आहेत, आईंना घेऊन या.

आईला घेऊन गेले. सभागृह तेच होतं. हिरव्या कापडाच्या ज्या टेबलाखाली बसून मी शाळा सुटल्यावर गृहपाठ करायचे, ते टेबलही होतं. किती मोठं वाटायचं तेव्हा! आई खुर्चीच्या कडेला बसली. कारकुनाने बटण दाबलं.

"हॅलो, हॅलो." बाबाच. "भाजीत मीठ जास्त नव्हतं. मी उगाच बोललो. हॅलो."

पुढची टेप. "हॅलो. तिला बहिणीकडे जाऊ द्यायला हवं होतं. हॅलो, हॅलो."

लोक माईकवर एक-दोन-तीन म्हणतात. घरात आमच्या बाबांनी एकदाही माघार घेतली नाही, आणि इथे रिकाम्या सभागृहात दर सभेआधी हे! मला हसूही आवरेना आणि रडूही.

"काकू, हेसुद्धा टाकू का ऑनलाइन?" कारकुनाने विचारलं. "लोकांना आवडेल."

"नको," आई म्हणाली. "सभा सगळ्यांची. हे माझं आहे. ती पहिली परत लावा."

त्याने लावली. बाबा पुन्हा मिठाचं बोलले. आई यंत्राकडे जरा वाकली आणि हळूच म्हणाली,

"जास्तच होतं हो."