शनीच्या मागे लागलेला माणूस

लोकांच्या मागे शनी लागतो. सूतभर स्वतःच शनीच्या मागे लागले होते, आणि तेही निवृत्तीनंतर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर.

सूतभर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यात लेथवर अडतीस वर्षं काढली आणि अडतीस वर्षं एकच वाक्य सगळ्यांना ऐकवलं, "सूतभर हललं तरी माल भंगारात." ज्यांनी ऐकलं त्यांनीच हे नाव पाडलं. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्यांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. नवराही बाईच म्हणायचा. सुरुवातीला चिडवायला, मग सवयीने, आणि आता दुसरं काही म्हटलं असतं तर बाईंनाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

बाईंना चार वर्षांपूर्वी कंपवात झाला. हात थरथरतात हे पाहुण्यांना दिसे, पण घरच्यांना जाच होता तो मंदावण्याचा. खुर्चीतून उठायला एक मिनिट, वळायला एक, आणि दाराच्या चौकटीत आल्या की पाय जमिनीला खिळल्यासारखे व्हायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने युक्ती सांगितली, जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवा, पट्टी ओलांडायची म्हटली की पाय उचलला जातो. सूतभरांनी खुर्चीपासून गॅलरीपर्यंत पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजून. व्यायामवाली म्हणाली, "काका, एवढं मोजायची गरज नव्हती." काका पुढची पट्टी मोजायला वाकले. अशा माणसांना काय सांगायचं?

एका संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या बाई म्हणाल्या, "एवढ्या पोरांना मी शनीची कडी शिकवली. फळ्यावर दर वर्षी काढली. स्वतः मात्र कधी पाहिली नाही हो."

मीठ मागावं इतक्या साधेपणाने म्हणाल्या. पण लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला एवढं कळतं की बायको मीठ मागतेय की दुसरं काही. बाईंनी आजवर कशाचाच हट्ट केला नव्हता, आणि आता हट्ट करायला दिवस किती उरलेत हे दोघांनाही माहीत नव्हतं. आठवड्याभरात घरात दुर्बीण आली.

दुर्बीण नवशिक्यांची होती. तिच्याखाली मोटर असलेली बैठक होती, तिला माउंट म्हणतात. तिला तारीख, वेळ आणि ठिकाण सांगायचं, एका ताऱ्यावर नेम धरून द्यायचा, की पुढे ती आपली आपण आकाशाबरोबर सरकत राहते. निदान खोक्यावर तरी तसं छापलं होतं.

खरी अडचण गॅलरीची होती. कपाट आडवं टाकावं एवढीच तिची रुंदी. तिपाई उभी केली की एका स्टुलाची जागा उरायची, म्हणजे एकजण गॅलरीत तर दुसरा खोलीत. सूतभरांनी गॅलरीत बसून शनी मध्यावर आणायचा, खोलीत यायचं, मग बाईंनी उठून पट्ट्या ओलांडत गॅलरीत जायचं आणि स्टुलावर टेकायचं. हे सगळं व्हायला सहा मिनिटं लागत. मोटर नसती तर शनी मिनिटभरातच नजरेबाहेर गेला असता. मोटर असूनही तो दोन मिनिटांच्या वर टिकत नव्हता.

पहिल्या संध्याकाळी बाई स्टुलावर पोचल्या, वाकल्या, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"दिसला?" सूतभरांनी दारातून विचारलं.

"काळोख दिसतोय. चांगला आहे काळोख."

बाईंचा विनोद असाच असायचा, कोरडा. पण परत येऊन खुर्चीत बसल्यावर त्या उगीचच पदर सारखा करत राहिल्या.

दुसऱ्या वेळी सूतभर माउंटला वायरने जोडलेला बटणांचा खोका हातात धरून दारातच उभे राहिले. बाईंनी सांगायचं, यांनी सरकवायचं. पण त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे, त्यामुळे "डावीकडे" म्हटलं की शनी आणखीच दूर जायचा.

"डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे की त्याच्या?"

"माझी डावी तुम्हाला अजून कळली नाही होय?"

त्या दिवशी दोघं जेवताना एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी बाईंना कडेला काहीतरी पिवळं दिसलं, आणि दिसतंय असं म्हणेपर्यंत ते गेलंही. त्या वेळी मात्र त्यांचे डोळे भरून आले. सूतभरांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यांनी दुकानदाराला फोन केला. दुकानदार समजूत घालत म्हणाला, "काका, नवशिक्यांचं मशीन आहे ते. थोडंफार सरकणारच. एवढं काय मनावर घेता?"

"नवशिका मी आहे," सूतभर म्हणाले. "ज्यांना बघायचंय त्या नाहीत." आणि फोन ठेवून दिला.

शनी रोज थोडा थोडा पश्चिमेला उतरत होता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. अजून तीन आठवड्यांनी तो अंधार पडायच्या आतच टाकीमागे जाणार होता. मग पुढच्या वर्षाची वाट बघायची. पुढच्या वर्षी सहाची दहा मिनिटं झालेली असतील, किंवा बाईंना उठताच येणार नाही, हा विचार सूतभरांच्या मनात रोज येई आणि रोज ते तो हाकलून देत.

मग त्यांनी माउंटला कारखान्यातल्या मशीनसारखंच हाताळायचं ठरवलं. आधी लेव्हल. बैठकीवर जो बुडबुडा बसवून दिला होता तो म्हणजे नुसतं खेळणं, म्हणून त्यांनी आपली जुनी लेव्हल काढली आणि तिपाईचे पाय खालीवर करून ती तीन दिशांनी तपासली. त्याने अर्धं मिनिट वाढलं.

दुसरी चूक सापडली ती मुलीच्या फोनमुळे. मुलगी दूर देशी राहायची आणि दर रविवारी संध्याकाळी बरोबर सातला फोन करायची. त्या रविवारी सूतभर भिंतीवरच्या घड्याळात बघून माउंटला वेळ सांगत होते, सात वाजून दहा मिनिटं, आणि फोन वाजला.

"आज उशीर केलास," ते म्हणाले.

"बाबा, बरोबर सात वाजलेत. तुमचं घड्याळ पुढे आहे ना! आईचं घड्याळ!"

सूतभर मटकन स्टुलावर बसले. शाळेला उशीर नको म्हणून बाई ते घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे ठेवत. शाळा सुटली, घड्याळ तसंच राहिलं. त्या घरात सगळ्यांना हे इतकं पाठ होतं की कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. औषधं, दूध, बस, सगळ्यातून दहा मिनिटं आपोआप वजा व्हायची. फक्त आकाशाला सूतभर दीड महिना दहा मिनिटं जास्त सांगत आले होते, आणि बिचारं मशीन त्यांच्यावर विश्वास ठेवून चुकीच्या आकाशामागे फिरत होतं.

"घड्याळ नीट करू?" त्यांनी बाईंना विचारलं.

"हात लावाल तर बघा," बाई म्हणाल्या. "दुसरं आणा हवं तर."

त्यांनी मनगटी घड्याळ काढलं, ते रेडिओवरच्या वेळेशी जुळवलं, आणि त्या संध्याकाळी शनी चार मिनिटं टिकला. दोन कमी पडत होती. त्या दोन मिनिटांसाठी त्यांनी पुढचे आठ दिवस स्वतःला आणि मोटर बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. त्यातले तीन दिवस ढगात गेले आणि दोन दिवस बाई अंथरुणातून उठल्याच नाहीत.

नवव्या दिवशी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. शनी मध्यावर आणून बटण सोडलं की पहिली काही सेकंदं तो घसरायचा, आणि मगच मोटर त्याला धरायची. ते पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. चाकांच्या दातांमध्ये जरा मोकळी जागा असते. उलट्या दिशेने आणून थांबवलं तर मोटरला आधी ती मोकळी जागा खावी लागते. लेथवर हेच असतं. माप पुढे गेलं तर तिथूनच मागे आणून थांबायचं नाही. चांगलं मागे न्यायचं आणि पुन्हा त्याच एका बाजूने पुढे यायचं. हा धडा त्यांनी कारखान्यात किती जणांना दिला होता! आणि इथे मात्र चारही बटणं पोरासारखी दाबत बसले होते.

"अडतीस वर्षं पाण्यात," ते मोठ्याने म्हणाले.

"काय झालं?" आतून बाईंनी विचारलं.

"काही नाही. तुझा नवरा गाढव आहे."

"ते मला माहीत होतं. शनीचं काय झालं?"

मोटर कुठल्या बाजूला ओढते ते त्यांनी पाहिलं, शनी मुद्दाम मध्याच्या अलीकडे नेला, आणि शेवटचा दाब नेहमी त्याच बाजूने द्यायला सुरुवात केली. मग घड्याळ लावून बसले. सहा मिनिटं. दहा मिनिटं. पंधराव्या मिनिटालाही शनी जागेवर होता. सूतभरांना ओरडावंसं वाटलं. पण बाईंना झोप लागली होती, आणि त्यांना उठवण्याचा धीर सूतभरांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार पडला तेव्हा शनी टाकीच्या जरासा वर होता. सूतभरांनी तो मध्यावर आणला, खोलीत आले आणि म्हणाले, "चल, बाई."

बाई उठल्या. पहिली पट्टी, दुसरी पट्टी. त्या दिवशी पाय जड होते. चौकटीत येऊन त्या थांबल्या त्या थांबल्याच. सूतभरांना घाई करावीशी वाटत होती, पण "चल" म्हटलं की पाय आणखी अडतात हे ते जाणून होते. ते गप्प उभे राहिले. आयुष्यात एवढं गप्प राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं. सहा मिनिटं केव्हाच होऊन गेली. नवव्या मिनिटाला बाई स्टुलावर टेकल्या, दुर्बिणीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबले, आणि वाकल्या.

त्यांनी डोळा भिंगाला लावला.

"नाही का?" सूतभरांनी विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "अहो, आहे. कडी आहे. मी काढायची तशीच आहे."

त्या बघत राहिल्या. सूतभर दारात उभे राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. या घरात वर्षभर एकेक गोष्ट हातातून निसटत चालली होती. बाईंचं अक्षर, साडीच्या निऱ्या, आवाजातला जोर. एक तरी गोष्ट त्यांनी जागेवर धरून ठेवली होती, आणि ती आता कायम तिथेच राहावी असं त्यांना फार फार वाटत होतं.

"ती मोटर बंद करा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मोटर. बंद करा."

"अगं, जाईल तो! मिनिटभरात जाईल!"

"जाऊ दे ना. तेच बघायचंय मला. पृथ्वी फिरते, पृथ्वी फिरते, म्हणून घसा कोरडा केला मी. मला कुणी फिरताना दाखवली नाही."

सूतभरांचा हात बटणापाशी गेला आणि तिथेच थांबला. दोन महिने ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते एका बोटाने सोडून द्यायचं होतं. पण मागणं बाईंचं होतं. त्यांनी बटण दाबलं. मोटरची बारीक घरघर थांबली आणि गॅलरीत एकदम शांत झालं.

"निघाला," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "फिरतेय हो. खरंच फिरतेय." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, स्वच्छ आणि मोठा. "कडेला आला. कडी अर्धी गेली. गेला."

त्या तरीही वर उठल्या नाहीत. सूतभर लगेच बटणाकडे वळले. "थांब, परत आणतो."

"नको. आज एवढं बास."

"दोन महिने," सूतभर म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना. "दोन महिने तो थांबावा म्हणून मी..."

"थांबला की," बाई म्हणाल्या. "मी येईपर्यंत थांबला. त्याहून जास्त कोण थांबतं?"

सूतभरांना म्हणायचं होतं, तू थांब. एवढंच म्हणायचं होतं, गेली चार वर्षं. ते म्हणाले, "थंडी आहे, आत चल," आणि बाईंना उठवण्यासाठी त्यांनी दोन्ही हात पुढे केले.