मनमायाच्या गळ्यातलं माझं मंगळसूत्र

आरे कॉलनीतला बिबट्या माझी छत्री घेऊन पळाला, ते खोटं होतं. कबूल. पण हे नाही! आई शप्पत, माझ्या उरलेल्या सहा दातांची शप्पत, शब्दन् शब्द खरा. गार्गी, हसू नको गं.

आपल्या वॉचमनची बायको मनमाया. नेपाळची. आठवा महिना. नवरा गावी गेलेला. एका सकाळी मला म्हणाली, "आजी, पोर हलणा नाय कालपासून." मालवणी माझ्याकडनंच शिकली ती. मला बीपीच्या गोळ्या आणायच्याच होत्या. रिक्षा केली, दोघी सरकारी हॉस्पिटलात गेलो. मी गोळ्यांच्या लायनीचं टोकन घेतलं, सदतीस नंबर. ती केसपेपरच्या खिडकीवर.

सिस्टरने तोंड बघितलं आणि म्हणाली, "आधार है?"

"नाय ओ बाई. पोर हलणा नाय."

"पती किधर है? कहाँ कहाँ से आते हैं बच्चा निकालने. उधर पीछे बैठो."

ही मराठीत बोलतेय, ती हिंदीत ओरडतेय. मनमाया मागे जाऊन बसली. पोटावर हात, डोळे भिंतीवर. तिच्यानंतर आलेल्या बायका आत जात होत्या. एक तर नुसता रिपोर्ट दाखवायला आलेली.

मी लगेच उठले. माझं मंगळसूत्र काढलं, तिच्या गळ्यात घातलं, हात धरून खिडकीवर नेलं.

"ही माझी सून. माझ्या सिद्धेशची बायको."

तुझ्या बापाचं दुसरं लग्नच लावलं म्हण ना.

"अहो आजी, मग आधी सांगायचं ना!" सिस्टर म्हणाली. व्हीलचेअर आली. पोट तेच, पोर तेच.

डॉक्टरीणबाई पोटावर मशीन फिरवत राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "ठोके नाहीत. दोन तास आधी आणायला हवं होतं हिला."

मनमाया म्हणाली, "आमी हयच होतो."



चार दिवसांनी तिला घरी सोडलं. मंगळसूत्र कागदाच्या पुडीत बांधून परत घेऊन आली. "आजी, धुतलंय," म्हणाली. मी गळ्यात घातलं. भाताचा कुकर लावायचा होता, तो लावला.

हां, एक गोष्ट मी पदरची घातली. लगेच नव्हते उठले. सदतीस नंबर आला, गोळ्या हातात पडल्या, पिशवीत ठेवल्या. मग उठले.